तुमच्या बंधूंच्या पाठीविषयी

तीर्थरूप वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द शोभेपुरता समजावा. सध्या जमिनीवर झोपत असल्यामुळे आठांपैकी जी अंगं वाकायला तयार झाली तेवढ्यांनीच नमस्कार केला आहे.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी दिवसातून एकदाच जिना उतरायला सांगितलं आहे आणि तुम्ही फाटकाशी कोण आलं-गेलं ते बघायला वरचेवर उतरता, हे मला इथं बसूनही कळतं. नाकारू नये. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या आहेत, जेवणाऐवजी नव्हे. आम्ही दोघं खुशाल आहोत. खुशाल या शब्दात काय काय मावतं ते पुढं लिहिते.

पत्राला उशीर झाला याचा राग नसावा. जंगलात फोन लागत नाही, आणि समुद्रावर लागतो तेव्हा वारा मध्ये बोलतो. मागच्या वेळी मी 'पाठ' म्हटलं ते तुम्हाला 'खाट' ऐकू आलं आणि तुम्ही बराच वेळ खाटेची चौकशी केलीत. शिवाय फोनवर बोलताना तुमचे बंधू हाताच्या अंतरावर असतात, आणि मला लिहायचं आहे ते त्यांच्याचविषयी. आत्ता ते बाहेर पाण्याच्या टाकीचे खांब बघत उभे आहेत. खांब दिसला की ते निदान चहाच्या वेळेपर्यंत परत येत नाहीत, तेवढ्यात पत्र होईल.

तर अहवाल. मी कोणतीही गोष्ट पहिल्यापासून सांगते. वसतिगृहात रेक्टर असताना जी मुलगी मधूनच सांगायला सुरुवात करायची तिच्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. तुमचे बंधू निवृत्त झाले तेव्हा पूल खात्यातल्या लोकांनी इतरांना देतात तसं घड्याळ द्यायचं सोडून त्यांना तंबू दिला, कारण कधीतरी कँटीनमध्ये ते म्हणाले होते की एकदा उघड्यावर राहून बघायचं आहे. (कँटीनमध्ये माणूस काय वाटेल ते बोलतो. घरी बोलले असते तर तिथंच मिटलं असतं.) तंबू कपाटावर पडून राहिला. मग तुमच्या खालचा तळमजल्याचा ब्लॉक रिकामा झाला. मालक सज्जन, महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार. तुमची इच्छा अशी की आम्ही तिथं यावं, म्हणजे वर तुम्ही, खाली आम्ही, उतारवयात एकमेकांना हाक मारायला कोणीतरी जवळ. मलाही ते पटलं होतं. फक्त तुमच्या बंधूंनी फाटा फोडला: आधी तंबू, मग ब्लॉक. तेव्हा, ते आंघोळीला गेलेले असताना, आपलं दोघींचं फोनवर ठरलं की जाऊ द्यावं एकदा. तुमचे शब्द मला आठवतात. "दोन दिवस जमिनीवर झोपू दे त्याला. पाठ धरली की स्वतःच ब्लॉकची किल्ली मागेल." म्हणजे तंबू हेच औषध. ते नीट पोटात जातं की नाही हे बघायचं आणि तुम्हाला कळवायचं, हे काम माझं. मी ते पत्करलं आणि अंगठ्याएवढ्या उशीवर डोकं ठेवायला निघाले.

पहिलं अभयारण्य डोंगरातलं. तिथं तंबूंसाठी राखलेला तळ आहे: दोन नळ, एक न्हाणीघर, आणि कुठल्याही जनावराला खायला घालू नका अशी पाटी, जिच्याखाली बसून लोक माकडांना बिस्किटं देतात. दुपारी पोचलो. बाकीची मंडळी गाडीतून उतरली, तंबू उभे केले, चहा प्यायली. तुमच्या बंधूंनी सीटखालून पाणसळ काढली. (नळीतला बुडबुडा बघून जमीन सपाट आहे की नाही ते सांगणारी पट्टी. माझा कुकर गाडीत मावत नाही असं सांगणाऱ्या माणसानं पाणसळ, ओळंबा आणि लोखंडी टेप एवढी हत्यारं बरोबर घेतली होती.) पाया सपाट पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एका जागेला उतार निघाला, दुसरीला चढ, तिसरीत मुंग्या. मी गाडीच्या बॉनेटवर बसून स्वेटरची एक बाही विणून काढली. अखेर झाडांच्या मधोमध अशी एक जागा सापडली की बुडबुडा मधे येऊन बसला तो हलेना. तुमच्या बंधूंच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी लग्नाच्या दिवशीही पाहिलेला नाही. तंबू उभा राहिला. दोरीला लटकवलेला ओळंबा धरून तो सरळ उभा आहे ना ते बघून झालं. शेजारच्या तंबूतले दातांचे डॉक्टर बायकोला घेऊन मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "काका, आमची कवळीसुद्धा इतकी फिट बसत नाही."

मी विचारलं की सगळ्या तळात एवढी एकच सपाट जागा, ती लोकांनी रिकामी का ठेवली असेल? "लोकांना नजर नसते," असं उत्तर आलं. जेवून जरा आडवे झालो तोच सर आली. फार नव्हे, वाळत घातलेले कपडे आत घ्यायला पळावं एवढीच. ती जागा सपाट का होती ते मला तंबूच्या आत समजलं. आजूबाजूचं सगळं पाणी वर्षानुवर्षं तिथंच येऊन बसत होतं. वन्सं, ज्या माणसानं जन्मभर पाणी पुलाखालून सोडलं, त्यानं त्या दिवशी ते माझ्या अंथरुणाखालून सोडलं. मी उठून बसले तेव्हा आमच्या चपला दारातून बाहेर चालल्या होत्या, एकामागून एक, न बोलता. (मुलींना तसं चालायला शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली.) आणि हे घोटाभर चिखलात उभे राहून, पाणी कुठून आलं आणि कसं वळलं, ते मला बोटानं दाखवत होते. "बघ, बघ, काय सुरेख वळण घेतलं." मी म्हटलं, "वळण राहू द्या, उशी धरा."

इथं मला वाटलं, औषधाचा पहिला डोस पुरता गेला, आता गुण दिसेल. दिसला, पण चुकीच्या माणसात. तुमचे बंधू गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्या बसल्या असे घोरले की माकडं लांब गेली. सकाळी उठून त्यांनी पावाचा जादा तुकडा मागितला आणि डॉक्टरांच्या तंबूला चर कसा खणायचा ते शिकवायला गेले. माझी मात्र मान एका बाजूला राहिली ती राहिलीच. दोन दिवस मी सगळ्या निसर्गाकडे डावीकडूनच पाहिलं. घरी परत जावं असं तेव्हा मला किती वाटत होतं ते लिहीत नाही. तुम्हाला तिथूनच एक पत्र लिहिलं होतं, त्यात तुमच्या बंधूंविषयी काही विशेषणं होती. ते कागदासकट भिजलं, बरं झालं.

तळावरच्या व्यवस्थेविषयी दोन शब्द लिहिते, म्हणजे पुढचं कळेल. माणसं शिकलेली, चांगल्या घरची, पण नळाशी उभं राहायचं कसं हे एकालाही येत नाही. एकजण दाढी करतो आहे, दुसरी भांडी विसळते आहे, तिसरा नुसताच नळ सोडून डोंगर बघतो आहे. न्हाणीघरात एक कवी असावा, तो आत गेला की बाहेर येत नसे. मी काही केलं नाही. मी फक्त टॉवेल खांद्यावर टाकून नळापाशी उभी राहिले आणि दाढीवाल्याकडे पाहिलं. तो बाजूला झाला. मग मी म्हटलं की भांडी डावीकडच्या नळावर, तोंडं उजवीकडच्या. दुसऱ्या दिवशी लोक आपणहून तसं करू लागले. तुमचे बंधू म्हणाले, "आपण सुट्टीवर आहोत." मी म्हटलं, "पाणी सुट्टीवर नाही."

तिथून समुद्राकडे उतरलो. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायकोही त्याच वाटेनं होते, म्हणजे सोबत झाली. (बाई छान आहेत. कोणाचंही हसणं बघून, खालच्या ओळीत किती दात शिल्लक आहेत ते त्या सांगतात. लग्नाचा परिणाम.) किनारा लांबच लांब, वाळू ओली आणि घट्ट, आणि तुमच्या बंधूंनी त्यावर गाडी घातली. मी म्हटलं, रुतेल. त्यांनी मला वाळूच्या कणांविषयी बरंच सांगितलं, ते संपेपर्यंत गाडी रुतली. चाकाखाली घालायला फळी आणतो म्हणून ते निघाले. वाटेत एक मोडका धक्का लागतो, त्याचे जुने खांब पाण्यात उभे आहेत. खांब. ते गेले, आणि मागोमाग धुकं आलं. असं धुकं मी पाहिलं नव्हतं; गाडीत बसून मला गाडीचं बॉनेट दिसेना. आणि भरतीचं पाणी मात्र ऐकू येत होतं, ते जवळ येत होतं.

मी दार उघडून बाहेर उभी राहिले आणि हाक मारली, "अहो."

आता आपल्याकडं ही हाक कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. मी ती कामापुरतीच मारते आणि ती लांबवर जाते, वसतिगृहाच्या गच्चीपासून फाटकापर्यंत जायची. धुक्यातून कोणाची तरी पावलं वाजली. मला वाटलं, आले. बघते तर दातांचे डॉक्टर, तोंडाला पेस्टचा फेस. म्हणाले, "काय गं?" मग मला पाहून दचकले. त्यांच्या मागून एक तरुण पळत आला, लग्न होऊन महिना झाला नसावा, कारण तो सगळ्यात जोरात पळत होता आणि हातात बायकोची छत्री होती. तोही म्हणाला, "आलो, आलो." तिसरे एक आजोबा, काठी टेकत, घाई न करता. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती हे मागाहून कळलं. मी विचारलं, तुम्ही कसे उठलात? तर म्हणाले, "सवयीनं उठलो हो. हाक आली, म्हटलं काहीतरी राहिलं असेल आणायचं." वन्सं, मी त्यांना मागचं चाक धरायला सांगितलं.

म्हणजे किनाऱ्यावरचे सगळे नवरे माझ्या एका हाकेला गोळा झाले, फक्त ज्यांना मारली ते सोडून. मी पुन्हा हाक मारली. मिशीवाला आणखी एक आला, त्याला बंपरला लावलं. पाणी आता चाकांना लागलं होतं आणि मला गाडीची काळजी राहिली नव्हती. धुक्यात, ओल्या खांबांवर चढून, टेप घेऊन कुठं काय मोजत असतील हा विचार माझ्या मनात आला, आणि तो तुम्हाला लिहितानासुद्धा पुढं न्यावासा वाटत नाही. तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं. तुम्ही लहानपणी ज्या नावानं त्यांना जेवायला बोलवत होतात तेच, पूर्ण, सगळ्या अक्षरांसकट. इतक्या वर्षांत मी ते तोंडानं कधी घेतलं नव्हतं. ते अशा आवाजात बाहेर येईल असं मला वाटलं नव्हतं. जमलेल्या चारही नवऱ्यांनी माना खाली घातल्या.

तुमचे बंधू पळत आले. गुडघ्यापर्यंत पँट, हातात फळी नाही. आणि मला धरून पहिलं काय विचारलं असेल? "कोण गेलं?"

मी म्हटलं, "अजून कोणी नाही. गाडी जायच्या बेतात आहे, ढकला."

पाचांनी ढकलली, निघाली. सगळ्यांना मी चहा दिला, आजोबांना दोनदा. मंडळी गेल्यावर हे मला म्हणाले, "पुन्हा एकदा म्हण." मी म्हटलं, "गाडीत बसा." त्यानंतर दोन दिवस ते 'अहो' ला ओ देईनासे झाले, ऐकूच येत नाही म्हणायचे. शेवटी मी त्यांना कढई घासायला लावली तेव्हा ऐकू यायला लागलं.

आता एक गोष्ट केवळ नोंद म्हणून लिहिते, तिचा मूळ विषयाशी संबंध नाही. वसतिगृहात असताना मला गाढ झोप अशी कधी लागली नाही. एक कान फाटकाकडे असायचा: कोण आलं, कोण यायचं राहिलं. नोकरी संपली तरी तो कान तसाच राहिला, घरी लिफ्टचा दरवाजा वाजला तरी मी उठते. त्या किनाऱ्यावर मात्र नुसता समुद्र ऐकू येत होता. समुद्र रात्रभर बाहेर राहिला तरी मला त्याबद्दल कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. मी अशी झोपले की सकाळी मान दोन्ही बाजूंना वळत होती. बाहेर येऊन वाळूवर एकटीच बसले. पाण्याच्या कडेनं एक बारीक पायांचा पक्षी लाट आली की पळायचा आणि लाट गेली की तिच्यामागं लागायचा, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. मी त्याला काही सांगितलं नाही. चहा करायचीसुद्धा आठवण राहिली नाही.

असो. मूळ विषय तुमच्या बंधूंची पाठ. कळवायला आनंद वाटतो की नेमकं त्याच दिवशी औषध लागू पडलं. उन्हं वर आल्यावर ते तंबूतून बाहेर आले ते कमरेत वाकून, एक हात पाठीवर, आणि म्हणाले, "मेलो." मी विचारलं, काय झालं? तर जमीन टोचते, वारा बोचतो, वाळू दातात येते. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. पहिल्या पावसात चिखलात नाचलेला हाच माणूस, त्याला आता दवाचा थेंब मानेवर पडलेला सहन होत नाही. उठताना कण्हणं, बसताना कण्हणं, आणि मधल्या वेळात तुमच्या खालच्या ब्लॉकची स्तुती. तिथं कशी फरशी आहे. तिथं कसा गरम पाण्याचा नळ आहे, तोही घराच्या आत. संध्याकाळी आकाश तांबडं होऊन सगळा किनारा गप्प बसलेला असताना हे म्हणतात, "ब्लॉकच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो ना? छान दिसतो."

मी तुमच्या बाजूची आहे, वन्सं, हे ध्यानात ठेवूनच वाचावं. पण माणसानं इतकंही नाजूक असू नये. एका संध्याकाळी मी त्यांना सुनावलं की जमीन टोचत नाही, तुम्हीच टोकाटोकाचे आहात. गवत पसरलं की गादीहून बरं. दुसऱ्या दिवशी मीच गवत पसरून दिलं. ते त्यावर झोपले आणि सकाळी म्हणाले की गवताला वास येतो. मी म्हटलं, गवताला गवताचा वास येणार. डॉक्टरांची बायको म्हणाली, "मावशी, तुम्ही तर अगदी रानातल्याच झालात." मी तिला तिथल्या तिथं सांगितलं की माझं असं काही झालेलं नाही, मी फक्त वस्तुस्थिती सांगते आहे.

सध्याचा मुक्काम समुद्राला लागून असलेल्या अभयारण्यात आहे. एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला वाळू, मधे तळ. जागा सुंदर आणि कारभार शून्य. तळ सांभाळणारा गृहस्थ रजेवर गेला तो परतलाच नाही. वाटेच्या मधोमध कपड्यांच्या दोऱ्या, नळाखाली भाताची शितं, आणि संध्याकाळी प्रत्येक तंबूचं वेगळं गाणं. मी आठवडाभर गप्प राहायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्या झाडीच्या बाजूला नेल्या. मग खरकट्यासाठी झाकणाचा डबा ठेवायला लावला, मग गाणी सूर्य बुडेपर्यंतच आणि तीही एका वेळी एकाच तंबूची असं ठरवून दिलं. कॉलेजातले दोन तरुण कुरकुरले, त्यांना मी तळाच्या कुंपणाचे खुंट मोजायला पाठवलं. ते आनंदानं गेले आणि वाटेत त्यांना कोल्हा दिसला, आता माझ्यामागं फिरतात. मग एक वनअधिकारी जीप घेऊन आले. चहूकडं बघितलं, नळाशी उभी असलेली रांग बघितली, आणि मला विचारलं, "मॅडम, आपण कोणत्या खात्याकडून आलात?" मी म्हटलं, "शेवटच्या तंबूतून आले आहे. तुमच्या डाव्या नळाचा वायसर गेला आहे, तो बदला." ते वायसर आणायला गेले. माणूस ऐकणारा वाटला.

असा हा सगळा प्रकार. सारांश काय, तर आपला बेत पार पडला. तुमचे बंधू पूर्ण बरे झाले आहेत. तंबूचं वेड उतरलं, पाठ धरली, आणि परवा त्यांनी आपल्या तोंडानं विचारलं की ब्लॉकची किल्ली कधी मिळेल? तुम्ही जसं म्हणाला होतात, शब्दन् शब्द तसं. तुमचा भावाविषयीचा अंदाज किती अचूक असतो ते पाहून मला कौतुक वाटलं. गुडघ्याची काळजी घ्यावी. शेजारच्या बाईंना नमस्कार सांगावा, पण वरून.

तुमची आज्ञाधारक (आजवर तरी),
भावजय

ता. क. वरचं वाचून मालकांना होकार कळवायला निघाला असाल तर तिथंच थांबा, जिनाही वाचेल. ब्लॉक दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा. त्या वनअधिकाऱ्यांनी मला हंगाम संपेपर्यंत तळ सांभाळायला विचारलं आहे आणि मी होकार दिला आहे. तुमच्या बंधूंना अजून ठाऊक नाही. पाठीच्या दुखण्यात एवढं सांगणं बरं दिसलं नाही, आणि मी सांगितलं तर वाद होईल. तुम्ही सांगितलंत तर होणार नाही; तुमच्यापुढं ते अजून शाळकरी होतात. तुम्ही त्यांना फोन करून एवढंच म्हणायचं की ब्लॉक गेला. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी मालकांना ब्लॉक देऊन टाकू द्या आणि मगच फोन करा. महिनाअखेर जवळ आली आहे, हयगय नको.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हा पहिल्याच्या आधी यायला हवा होता, पण मला लिहायला जड जात होतं. तुम्ही ब्लॉकसाठी पडद्याचं कापड घेऊन ठेवलं आहे, हे तुम्ही मला सांगितलं नसलं तरी दुकानात गेल्याचं सांगितलंत त्यावरून मी ओळखलं. खाली कोणीतरी राहायला येणार म्हणून तुम्ही किती दिवस मोजले असतील तेही मला कळतं. तेव्हा, ते कापड घेऊन इकडं या. तळ सांभाळणाऱ्याला लाकडी घर मिळतं. दोन खोल्या, आत न्हाणीघर, खरी खाट, आणि जिना नाही. एक खोली तुमची. पाहुणी म्हणून बसवणार नाही, काम आहे: फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची. हे काम तुम्ही तिथं गुडघा दुखवून करता, इथं बसून करा. हंगामानंतर कोण कुणाच्या वर आणि कोण खाली ते तिघं मिळून ठरवू. नाही म्हणू नये. जीप घेऊन मी स्वतः बसस्टँडवर येईन.

ताई, नमस्कार. ही नळाच्या रांगेकडं गेली आहे आणि पत्र डाकेच्या गाडीत द्यायला माझ्याकडं दिलंय, तेवढ्यात चार ओळी घुसडतो. माझी पाठ ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. तुझं आणि हिचं ते औषधाचं बोलणं मी आंघोळ करताना सगळं ऐकलं होतं. बादली भरली की मी नळ बंद करतो, हे तुम्ही दोघी विसरलात. मला वाटलं होतं ही तंबूला पहिल्याच दिवशी नावं ठेवेल, आणि ठेवलीच. पण समुद्रावर एका सकाळी पाहिलं तर ही माझ्याआधी उठून वाळूवर एकटी बसलेली, आणि तुझा विश्वास बसणार नाही, गुणगुणत होती. मी पाय न वाजवता आत जाऊन पडलो आणि त्याच दिवसापासून कण्हायला लागलो. हिला मी एखादी गोष्ट चांगली म्हटली की ती दोष काढते आणि मी दोष काढला की बाजू घेते. मला घराला पूर्वेला खिडकी हवी होती तेव्हा 'तिकडं खिडकी नको, धूळ येईल' असं मी महिनाभर म्हणत होतो; गवंडी हिनंच बोलावला. वनअधिकाऱ्यांना हिचं काम दाखवायला मीच बोलावून आणलं. तिला यातलं काही कळू देऊ नकोस. तू फोन करून ब्लॉक गेला म्हण, मी हळहळतो. आणि ये नक्की, तुझ्या खिडकीतून खाडीवरचा जुना पूल दिसतो, बघण्यासारखा आहे.

ता. क. तिसरा. पत्त्यावर पिन कोड घालायचा राहिला म्हणून मी लिफाफा डाकेच्या गाडीतून परत मागून घेतला. मी चिकटवलेला लिफाफा असा वाकडा नसतो, म्हणून उघडला. वरचा मजकूर वाचला. खिडकीचा भागही वाचला. मी तेव्हा गवंड्याला वरून चहा दिला होता.

यांना मी काहीही बोललेले नाही, बोलणारही नाही. आत्ताच माझ्यासमोर खुर्चीतून उठताना ते 'आई गं' म्हणाले आणि ब्लॉकच्या फरशीची आठवण काढली. मी म्हटलं, फार दुखतं का? तर म्हणाले, फार. हंगाम बराच मोठा आहे आणि त्यांना तो सगळा कण्हत काढायचा आहे, तेव्हा मदत करणं माझं कर्तव्य आहे. गावातल्या दवाखान्यातून मी पाठीला लावायचं मलम आणलं आहे. कंपाउंडर म्हणाला, दुखऱ्या पाठीला यानं आराम पडतो, न दुखणाऱ्या पाठीची आग आग होते. मोठी डबी घेतली. रोज संध्याकाळी जोर लावून चोळणार आहे. तुम्ही आलात की आळीपाळीनं चोळू.